ऊनमामा आणि खाटेची कड

हाडांच्या दवाखान्यात ऊनमामांचं काम एकच. सकाळी रोग्यांच्या खाटा गॅलरीत न्यायच्या, ऊन सरकेल तशा सरकवायच्या, चटका वाढला की आत आणायच्या. दवाखाना बांधला तेव्हा हाडांच्या क्षयावर औषध नव्हतं. हवा, अन्न आणि ऊन एवढ्यावर भागवावं लागे. पुढे औषधं आली, क्षयाचे रोगी कमी झाले, मोडक्या मांड्यांचे वाढले. गॅलरी राहिली आणि मामाही राहिले.

‘‘सोसा जरा. उन्हानं कुणी विरघळलेलं नाही,’’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते म्हणताना मामा स्वतः दाराच्या सावलीत उभे असत, गळ्यापर्यंत गुंड्या लावून. त्यांना ऊन मुळीच सोसत नसे. घरून ते उजाडायच्या आत निघत आणि दिवेलागणीला परतत.

वर्षभर त्यांच्या मांड्या ठणकत होत्या. जिना चढताना हात कठड्यावर, उठताना गुडघ्यावर. हे त्यांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं. ज्याला खाट ढकलता येत नाही त्याला दवाखाना फाटकावर बसवतो, आणि फाटकावरचा माणूस म्हणजे मामांच्या मते माणूस नव्हे, कडी. लपवणं अवघड गेलं नाही. दिवसभर खाटेची कड हातात असल्यावर कोण कशाला टेकलंय हे बघतो कोण?

खुबा मोडून पडलेल्या सुतारानं बघितलं. त्याला दुसरं काम नव्हतं.

‘‘मामा, एक विचारू?’’

‘‘विचार. पण हलू नकोस.’’

‘‘तुम्ही ही खाट ढकलताय, की तिला टेकताय?’’

‘‘गप पड.’’

‘‘पडलोच आहे. पण मी सुतार. टेकू लागलेलं लाकूड मला लांबून कळतं.’’

सुतारानं हे डॉक्टरीणबाईंच्या कानावर घातलं. बाईंनी मामांना कशालाही न धरता दारापासून टेबलापर्यंत यायला सांगितलं. मामा आले, पण बदकासारखे डुलत. रक्त तपासलं. हाडं मऊ पडली होती. ऊन अंगावर घेतलं की शरीरात तयार होणारं ड जीवनसत्त्व जवळजवळ नव्हतंच.

‘‘मामा, रोज उन्हात किती वेळ असता?’’

‘‘सबंध सकाळ.’’

‘‘तुम्ही की खाटा?’’

मामांनी जरा विचार केला. ‘‘खाटा,’’ ते म्हणाले.

‘‘जगाला वाळवलं आणि स्वतः दमट राहिला,’’ निरोप मिळून आलेली बायको म्हणाली. वर्षभर लपवल्याबद्दल जे बोलायचं ते ती घरी नेऊन बोलली.

बाईंनी औषध दिलं आणि बजावलं, ‘‘आता नुसत्या उन्हावर भागणार नाही, गोळ्या चुकवायच्या नाहीत. पण ऊनही घ्यायचं, बाह्या वर करून. फाटकाचं नंतर बघू.’’

दुसऱ्या सकाळपासून गॅलरीत मामांची खाट सुताराशेजारी लागली.

‘‘भाजतंय रे,’’ मामा म्हणाले.

‘‘सोसा जरा,’’ सुतार म्हणाला. त्याला हे वाक्य पाठ होतं.

काही महिन्यांनी बाईंनी गॅलरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला सांगितलं. खाट नाही, कठडा नाही. बायको दारात उभी राहिली. मामा निघाले. डुलले नाहीत, पण मोकळे हात कुठे ठेवायचे ते सुचेना. अर्ध्या वाटेत त्यांनी ते पाठीमागे बांधले.

‘‘साहेब फेरीवर आल्यासारखे दिसतात,’’ बायको म्हणाली.

‘‘साहेबांना म्हणावं, उद्यापासून खाटा घ्या,’’ बाई म्हणाल्या. ‘‘आणि सावलीत थांबायचं नाही.’’