पक्की बैठक

त्या शिलाईच्या कारखान्यात बाईची सगळ्यात मोठी स्तुती कोणती, ठाऊक आहे? टाका सरळ येतो, ही नव्हे. हात भरभर चालतो, हीसुद्धा नव्हे. ‘बाईची बैठक पक्की आहे’, ही! म्हणजे काय, तर बाई सकाळी मशीनवर बसली की जेवणाच्या सुट्टीपर्यंत उठत नाही. उठत नाही, कारण तिला ‘जावं’ लागत नाही. आणि जावं लागत नाही, कारण ती पाणीच पीत नाही. घ्या! माणसाचं कौतुक करायचं ते असं. अहो, खुर्चीचंसुद्धा कुणी एवढ्यावर कौतुक करत नाही.

या बैठकीत पहिला नंबर कॉलरमावशींचा. जन्मभर शर्टाच्या कॉलरी शिवल्या म्हणून कॉलरमावशी. लग्न होऊन आल्या तेव्हा सासूबाईंनी घरातली जुनी मशीन पुढ्यात सरकवली, पुढे नवऱ्याचं काम सुटलं तशा कारखान्यात आल्या, आणि त्याच कॉलरींवर दोन मुली शिकवून उजवल्या. हात असा, की कॉलरीचं टोक बघत राहावं. पण त्या टोकाबद्दल त्यांना कुणी कधी चकार शब्दानं विचारलं नाही. जे काही हरभऱ्याच्या झाडावर चढवणं झालं ते बैठकीवरून, आणि मावशी चढल्यासुद्धा. शहाण्यासुरत्या बाईनं कशावर फुगावं याला काही ताळतंत्र?

आता ती पुढची गंमत ऐका. कारखान्याला पत्र्याचं छप्पर, पंखे गरम हवा ढवळणारे, आणि बायकांसाठी मागच्या अंगणात एकुलता एक संडास. त्याला कुलूप. किल्ली सुपरवायझरच्या टेबलावर. हा माणूस कामापेक्षा मनगटाकडे जास्त बघायचा, म्हणून बायकांनी त्याचं नाव ठेवलं होतं घड्याळसाहेब. किल्ली हरवू नये म्हणून त्यानं तिला चांगली वीतभर लाकडी फळी बांधलेली. जिला जायचं तिनं ती फळी हातात मिरवत सगळ्या रांगांमधून जायचं, आणि परत आली की घड्याळसाहेब मनगट बघून म्हणायचा, “झालं का सावकाश?” मग कोण पिणार पाणी? कारखान्यातलं पिण्याच्या पाण्याचं पिंप संध्याकाळपर्यंत भरलेलं असायचं.

बरं, घड्याळसाहेब तर घड्याळसाहेब, मावशी काय कमी? त्यांच्या मागे बाह्या शिवणारी एक नवी मुलगी बसायची, नुकतंच लग्न झालेली. एकदा ती सकाळीच फळी घेऊन गेली आणि दुपारी पुन्हा उठली, तर मावशी मशीन न थांबवता म्हणाल्या, “काय गं, माठ आहेस का? सारखी झिरपतेस ती?” सगळी रांग खो खो हसली. बाहीवाली खाली बसली ती पुन्हा दिवसभर उठली नाही. आणि मावशींना वाटलं, चला, पोरीला वळण लावलं.

वळण कसलं डोंबलाचं! त्याच उन्हाळ्यात मावशींच्या पाठीत कळा सुरू झाल्या. आधी त्यांनी शेकून पाहिलं, मग तेल चोळून पाहिलं, शेवटी थोरल्या मुलीनं ओढत दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी तपासण्या बघितल्या आणि चष्म्यावरून विचारलं, “पाणी किती पिता?”

“पुष्कळ,” मावशी म्हणाल्या.

“खोटं नका सांगू, काकू. एक मूत्रपिंड निम्मं कामातून गेलंय. हा उन्हाळा असाच कोरडा काढलात तर दुसरंही त्याच वाटेनं जाणार. पाणी प्या. कलिंगड खा, काकडी खा, संत्री खा. फार अवघड सांगतेय का मी?”

घरी आल्यावर नवरा म्हणाला, “एवढंच ना? मग पी की पाणी!” दिवसभर घरात पाय पसरून, उशाशी तांब्या ठेवून झोपणाऱ्या माणसाला हे बोलायला काय जातं? तरी मावशी दुसऱ्या दिवशी निघताना दोन पेले पाणी प्यायल्या. आणि मग जेवणाच्या सुट्टीपर्यंत पायावर पाय आवळून बसल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांची कॉलर वाकडी गेली. फळी दहा पावलांवर होती, पण उठवेना. कॉलरमावशी उठल्या, म्हणजे काय? लोक काय म्हणतील? बाहीवाली काय म्हणेल? तिसऱ्या दिवसापासून पाणी बंद. जीव गेला तरी चालेल, बैठक जाता कामा नये. वा रे अक्कल!

अशात मालकांना कामगारांच्या आरोग्याची उबळ आली. मधल्या जागेत टेबलं मांडली, भिंतीवर ‘उन्हाळ्यात भरपूर पाणी, भरपूर फळे’ असा फलक लागला, फोटोवाला आला आणि आहारतज्ज्ञ बाई आल्या. कागदी ताटल्यांमध्ये कलिंगडाच्या लालबुंद फोडी, खरबूज, काकडी. “तहान लागायची वाट बघू नका,” तज्ज्ञ बाई गोड आवाजात सांगत होत्या. “शरीराचं ऐका.” बायकांनी माना डोलावल्या, ताटल्या हातात धरून फोटोला हसल्या, आणि फोटो झाल्याबरोबर फोडी आपापल्या डब्यात ओतून झाकणं लावली. घरी पोरांना होतील. इथे खाऊन काय करायचं?

“अरे, खा की!” मालक म्हणाले. “लाजता काय?” बायकांनी डबे पोटाशी धरले. मग ते तज्ज्ञ बाईंकडे वळून म्हणाले, “बघा, या लोकांना चांगल्याची किंमतच नाही.” लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण, असं ऐकलं होतं. इथे तर दुसऱ्यांना कोरडं ठेवून वर ब्रह्मज्ञान!

मग बक्षिसाची वेळ झाली. घड्याळसाहेबानं घसा खाकरला. “वर्षभर ज्यांची बैठक सगळ्यात पक्की, जागेवरून हलणं माहीत नाही, अशा आपल्या कॉलरमावशी!” टाळ्या. आणि बक्षीस काय? पाण्याची बाटली! चांगली स्टीलची, चकचकीत. पाणी न पिण्याबद्दल!

“मावशी, दोन शब्द बोला,” मालक म्हणाले.

मावशी बाटली हातात घेऊन उभ्या राहिल्या. पाठीत कळ येत होती. समोर बाहीवाली डब्याचं झाकण घट्ट दाबत होती, आणि तिचे ओठ उन्हानं फुटले होते. मावशींना एकाएकी स्वतःचाच असा संताप आला, की कान तापले.

“दोन शब्द काय बोलायचे?” त्या म्हणाल्या. “कलिंगड झकास दिसतंय. पण खाल्लं की जावं लागतं, आणि जायचं तर किल्ली या साहेबांकडे. म्हणून आम्ही खात नाही. बैठक-बिठक काही नसते हो. माझं एक मूत्रपिंड निम्मं गेलंय. दुसरं गेलं की मग बसेनच कायमची, तेव्हा द्या बक्षीस.”

मागच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. मालकांचा चेहरा पडला. मावशींनी समोरची ताटली उचलली आणि उभ्या उभ्या कलिंगड खायला लागल्या. रस कोपरापर्यंत ओघळला तरी थांबल्या नाहीत. वर पिंपातून बाटली भरून घटाघटा प्यायल्या आणि हात पुढे केला. “किल्ली.”

घड्याळसाहेबानं मालकांकडे बघितलं. मालकांनी फोटोवाल्याकडे बघितलं. फळी मावशींच्या हातात आली.

त्या परत येईपर्यंत डब्यांची झाकणं उघडायला लागली होती. मावशींनी फळी टेबलावर ठेवली. “घ्या साहेब, तुमची किल्ली. नीट सांभाळा.”

“आणि कुलूप?”

“ते टाकलं. भिंतीपलीकडे, नाल्यात.”

“मावशी!” मालक ओरडले. “या वयात हे शोभतं का तुम्हाला?”

“याच वयात शोभतं. आधी अक्कल नव्हती.”

पाहुण्यांसमोर मालक पुढे काय बोलणार? मावशी जाऊन मशीनवर बसल्या, कॉलर पुढ्यात ओढली. उद्या कामावर घेतील की नाही, याचा त्यांना काहीच अंदाज नव्हता. तेवढ्यात मागून हळूच आवाज आला. बाहीवाली होती. ताटली रिकामी, हनुवटीला बी चिकटलेली.

“मावशी,” ती भीत भीत म्हणाली, “मी जाऊन येऊ का?”

मावशींनी गर्रकन मान वळवली. पोरगी बिचारी दचकली.

“मला काय विचारतेस?” मावशी खेकसल्या. “ऊठ!”