डोळ्याच्या जागी दाजी

आपट्याच्या रस्त्याला, पाताळगंगेच्या काठी दिनानाथशेठांचा पुठ्ठ्याचा कारखाना होता. माझे यजमान तिथे हिशेब बघत, त्यामुळे बॉयलरवाल्या दाजीची हकिगत आमच्या ओटीवर रोज ताजी येऊन पोचायची.

बॉयलरच्या तोंडाशी बर्नर असतो. त्यातून तेलाचा फवारा उडतो आणि पेटतो. तेल किती, हवा किती, हे दाजी हाताने ठरवायचा. बाहेर येऊन धुराड्याकडे बघायचा. धूर काळा आला की हवेची झडप जरा उघडायची, पांढरा आला की जरा मिटायची. दिसेनासा झाला की तंबाखू मळायला बसायचं.

त्रेसष्ट साली शेठनी विलायती बर्नर आणला. तो आपोआप पेटायचा, तेल-हवाही आपली आपण जुळवायचा. त्याला विजेचा डोळा होता. एका काचेतून तो आतली ज्योत बघत राहायचा. ज्योत दिसली नाही की तेल बंद.

"दाजी, दसऱ्यापर्यंत राहा," शेठ म्हणाले. "मग याला माणूस लागणार नाही."

दाजीला जमीन नव्हती. म्हणजे आता जासईला मेव्हण्याच्या मिठागरावर टोपल्या वाहायच्या. त्याची बायको हौसा म्हणाली, "माज्या भावाच्या दारात तुमी मजूर म्हणून गेलात, तर मी मागल्या दारानं निघून जाईन."

खंडेनवमीला यंत्रांची पूजा झाली. दाजीने नव्या बर्नरचीही मनापासून केली. लोखंडावर कुंकू टिकत नाही म्हणून तो शेंदूर तेलात कालवून लावायचा. पण या यंत्राला कपाळ सापडेना. समोर मधोमध एक गोल काच दिसली. तिच्यावर त्याने ठसठशीत टिळा लावला.

नारळ फुटला, बटण दाबलं. बर्नर पेटला आणि लगेच विझला. पुन्हा पेटला, पुन्हा विझला. फिटर मुबारकने तेल वाढवलं, हवा कमी केली, मग उलटं करून पाहिलं. सगळे स्क्रू पिळून झाल्यावर त्याची नजर काचेवर गेली.

"या अल्ला! दाजी, तू याला आंधळा केलास!"

"पूस मग."

"मी? पूजेचा शेंदूर? उद्या मला बाजारात कोण उभं करील?"

शेठनीही उत्तरपूजेआधी हात लावू दिला नाही. तोवर तेलातला शेंदूर वाळून घट्ट बसला. मुबारकने तो पटाशीने खरवडला, तशी काच तडकली.

तशी काच इथे मिळत नव्हती. परदेशातून मागवायला सरकारी परवाना हवा. शेवटी मुबारकने त्या भोकावर पत्रा ठोकला, विजेचा डोळा वायरीसकट बाहेर काढला आणि म्हणाला, "याला नुसता उजेड पाहिजे. कसला, ते याला कळत नाय."

मग तिथे दाजीला बसवलं. बाजूच्या बारीक भोकातून तो स्वतः ज्योत बघायचा आणि यंत्राच्या डोळ्यापुढे कंदील धरायचा. ज्योत गेली की कंदील झटकन पाठीमागे. कंदील आधीच दाखवला तर यंत्राला संशय यायचा, ते पेटतच नसे. दाजी जेवायला उठला की कारखानाही जेवायला बसायचा. यजमानांनी विचारलं, पगारपत्रकात हुद्दा काय लिहू? शेठ म्हणाले, "डोळा लिहा."

पाहुणे आले की शेठ सांगत, "सगळं आपोआप चालतं." कंदिलामागून दाजी मोकळ्या हाताने रामराम करी.

काच आली ती सदुसष्टच्या नवरात्रात. दर खंडेनवमीला टिळा लागायचा तो पत्रा काढून मुबारकने ती बसवली, विजेचा डोळा तिच्यामागे ठेवला. बर्नर एकटाच चालू लागला. दाजीने कंदिलाची वात खाली केली. त्या दिवशी हौसाने बोचकं बांधून मागल्या दाराशी ठेवलं.

शेठ मात्र बॉयलरघरात चकरा मारत होते. "हा विजेचा डोळा ज्योत बघतो, ते ठीक," ते यजमानांना म्हणाले, "पण आता याच्याकडे बघतं कोण?"

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. दाजीने पंपाला, झडपांना शेंदूर लावला. बर्नरपाशी आल्यावर अंग चोरून मागच्या नळीला बोट टेकवलं.

"तिथे काय लावतोस?" शेठ म्हणाले. "नेहमीच्या जागी लाव."

"शेठ, तिथं काच हाय."

"मला दिसते आहे. लाव."

दाजीने अंगठा भरून टिळा लावला. बर्नर विझला. मुबारकने खुंटीवरचा कंदील काढला आणि आपल्या बाहीने त्याची काच पुसायला घेतली.