मामांचा पिक्चर पुन्हा दाखवण्याबाबत

अर्जदार: माझी आई, वय ऐंशीच्या पुढे, धंदा पूर्वी शेतमजुरी, हल्ली काही नाही, राहणार केडगाव, मूळ राहणार धरणाच्या पाण्याखाली. जाबदेणार: अद्याप निश्चित नाही. दिनांक: गेल्या दिवाळीनंतरचा एक आठवडा, सोमवार ते रविवार. साक्षीदार: एक, माझी पत्नी, दुसरा, मी स्वतः. नावे मुद्दाम दिलेली नाहीत. ज्या प्रकरणात समोरच्याचेच नाव ठाऊक नाही, त्यात आपली नावे देऊन काय साधणार?

मी नगरला कचेरीच्या आवाराबाहेर अर्ज लिहून देतो. शिक्षण नववीपर्यंत, परंतु माझ्या हातचा अर्ज त्रुटी काढून परत आल्याचे उदाहरण क्वचितच सापडेल, आणि कारकून मंडळी अक्षर पाहूनच मला ओळखतात. हे आत्मस्तुतीसाठी नमूद करत नाही. पुढे जे घडले ते अडाणीपणाने घडले नाही, एवढे ध्यानात यावे म्हणून सांगतो.

आईचे माहेर आणि सासर एकाच गावात. ते गाव धरणात गेले तेव्हा मी तिच्या कडेवर होतो. आम्ही नगरकडे आलो. तिचा थोरला भाऊ, म्हणजे माझे मामा, पाण्याच्या काठानेच थोडे वर सरकून राहिले. मध्यंतरी फिल्म करणाऱ्या एक बाई तिकडे आल्या, मामांबरोबर काठाने हिंडल्या आणि निघून गेल्या. त्यानंतर मामा वारले. आईला आम्ही सांगितले, ती रडली, तेराव्याला गेली; आणि पुढे हळूहळू ते तिच्यातून निघूनच गेले. तिचे विसरणे तेव्हा सुरू झालेलेच होते. मला ती कधी शेजारचा समजे, कधी कोणीच नाही. दिवसचे दिवस बोलत नसे.

अशात मामेभावाने मोबाईलवर एक लिंक पाठवली. खाली लिहिले होते, 'वडलांचा पिक्चर आलाय, आत्याला दाखवा.' पान इंग्रजीत होते. माझी पत्नी बारावी पास आहे, ही बाब ती वेळोवेळी निदर्शनास आणून देते. तिने वाचून सांगितले की कलाकार लोकांच्या फिल्मांची ही मालिका असून, गाव सोडलेल्या माणसांना काय काय आठवते असा तिचा विषय आहे. दर आठवड्याला एक फिल्म घरबसल्या फुकट बघता येते.

मोबाईल तांब्याला टेकवून आम्ही आईच्या खाटेपाशी ठेवला. मामा काठावर उभे होते. काठी पाण्याकडे करून म्हणाले, "हितं येस हुती. येशीतून आत गेलं का डाव्या हाताला शिंप्याचं घर."

यानंतर पिक्चरमध्ये कोणी काही बोलेना. नुसते पाणी. ते हलत होते आणि वारा ऐकू येत होता.

"अडकलं वाटतं," पत्नी म्हणाली. "नेट गेलं का बघा."

मी मोबाईल उचलणार तोच आई बोलली. "डाव्या न्हाई रं दादा, उजव्या. डाव्या हाताला आपली हीर."

पाण्यावरून मामांचा आवाज आला, "हिरीत आमी पोरं पवायचो. दुपारभर."

"मला कुठं पवू देत हुता तू!" असे म्हणून आई हसली.

पत्नीच्या हातातली भाकरी हातातच राहिली. पुढे सबंध पिक्चर असाच चालला. मामा एक वाक्य बोलत, मग पुष्कळ वेळ पाणी. त्या बाईंनी तसे का केले असेल ते मला सांगता येणार नाही. एरवी असला पिक्चर मी बघितला नसता. परंतु त्या मोकळ्या जागेत आईला आपले म्हणणे मांडायला पुरेसा अवधी मिळत होता, आणि मामा पुन्हा बोलले की तिला ते आपल्यालाच दिलेले उत्तर वाटत होते. शेवटी मामा पाठ फिरवून चढण चढून जात. आई म्हणे, "जा बाबा, जेवाय जा."

त्या आठवड्यात रोज संध्याकाळी आम्ही तो लावला. आई दिवसभर विचारी, "दादा कवा यायचाय?" वेळेवर जेवू लागली. एकदा मला नावाने हाक मारून म्हणाली, "लई वाळलास." मी कचेरीतून येताना रस्त्यातच घड्याळ बघू लागलो.

शुक्रवारी सकाळी पत्नीने ते पान खालपर्यंत वाचले. "अहो, हे रविवारपर्यंतच आहे. मग दुसरी फिल्म लागणार. माझ्या मोबाईलवर याचं शूटिंग करून ठेवते."

"काय लिहिलंय तिथं?"

"परवानगीशिवाय कॉपी करू नये."

"मग? मी रोज लोकांना कलमं सांगतो आणि घरात चोरीचा माल ठेवू?"

"आईंचा भाऊ आहे तो! चोरी कुणाची?"

"मुदतवाढ मागू," मी म्हणालो. "रीतसर."

मी अर्ज लिहिला. विषय, संदर्भ, वस्तुस्थिती, विनंती, आईचा अंगठा, वर कोर्ट फी स्टॅम्प. शेजारच्या टेबलावरच्या टायपिस्टकडून तो स्कॅन करून पानावरच्या ईमेलवर पाठवला. तो स्टॅम्पकडे बघून म्हणाला, "हा तिकडं चालतो का पण?" मी म्हणालो, "स्टॅम्प सगळीकडं चालतो." चहा येण्याआधीच उत्तर आले. तुमचा ईमेल मिळाला, आभारी आहोत, असा त्याचा मतलब टायपिस्टने सांगितला. मी त्याची छापील प्रत घेतली. पोच मिळाली होती. मुदतीच्या आत अर्ज दाखल झाला आणि पोच हातात आली, म्हणजे निकाल लागेपर्यंत आहे ती स्थिती राहते. सगळी हयात मी याच समजुतीवर लोकांना घरी पाठवत आलो आहे. पत्नीला मी ती प्रत दाखवली. "बघ. आता कोण बंद करतंय?"

ती म्हणाली, "तरी करू का शूटिंग?"

मी नको म्हणालो.

रविवारी आई भांडणाच्या रंगात होती. शिंप्याचे घर आले तशी उसळली. "रोज डावीकडं, रोज डावीकडं! तुला काय बी ठावं न्हाई. म्हातारा झालास, गप बस!" शेवटी मामा नेहमीप्रमाणे पाठ फिरवून गेले. त्या दिवशी मात्र आई जेवायला जा म्हणाली नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, "रुसला गं बाई."

सोमवारी लिंक उघडली तर तिथे दुसऱ्याच कुठल्या मुलखातली एक म्हातारी पांघरुणांच्या घड्या घालत होती. आईने थोडा वेळ पाहिले. "हिचं बी गाव गेलं व्हय?" असे विचारले आणि मग, "दादा कुठाय?"

मी पुन्हा अर्ज केला. तेच उत्तर आले, शब्दाला शब्द तेच. टायपिस्ट चाचरत म्हणाला, "काका, हे मशीन पाठवतं. कुणी वाचलेलं नसतं." मामेभावाकडे फिल्म नाही. बाईंचा त्याच्याकडचा नंबर लागत नाही. त्याने लग्नातला एक व्हिडिओ पाठवला; त्यात बँडच्या आवाजात मामा घाईने दोन शब्द बोलतात आणि निघून जातात. आईने तोंड फिरवले. तिला बोलायला त्यात जागाच नव्हती.

एका संध्याकाळी मी आतल्या खोलीतून मामांसारखा आवाज काढून म्हणालो, "मी रुसलो न्हाई गं." आई म्हणाली, "तू मधी बोलू नगं. दादाला बोलू दे." पत्नीने मला हाताने पुरे अशी खूण केली.

पत्नी मला दोष देत नाही, तेच अवघड जाते. आई आता जेवण अर्धे टाकते. मला ओळखत नाही. मी अर्ज लिहितो एवढे मात्र तिच्या कुठेतरी ध्यानात असावे, परवा माझा हात धरून म्हणाली, "सायेब, माझा येक कागद लिवा. दादाला म्हनावं, शिंप्याचं घर तू म्हंतो तिथंच हुतं. डावीकडं. माजंच चुकलं. म्हनावं, ये."

मी कागद घेतला, तिचे म्हणणे जसेच्या तसे लिहिले, अंगठा घेतला. वर पत्ता कोणाचा घालायचा ते मला कळले नाही. माझ्या धंद्यात हे प्रथमच.

सबब, ज्यांच्या ताब्यात सदर फिल्म असेल त्यांना या लेखाद्वारे विनंती की ती एकदा, फक्त एकदा, संध्याकाळच्या वेळी आमच्या घरी दिसेल अशी तजवीज व्हावी. पाण्याची दृश्ये कापू नयेत. ते शक्य नसल्यास, अर्ज कोणाकडे करावा तेवढे कळवावे. उत्तर कोणत्याही भाषेत चालेल, वाचून घेऊ. मात्र ते माणसाने लिहिलेले असावे, आणि अर्जदाराचे वय लक्षात घेऊन लवकर यावे.