सगुणाचा वळसा

सगुणा सुक्या बोंबलांची टोपली घेऊन पेणहून रोह्याच्या एसटीत चढली की मागचा अख्खा बाक रिकामा होई. कंडक्टर नाकाला रुमाल लावून तिकीट फाडी. सगुणा ऐसपैस बसून म्हणे, "बस की रं भावा, जागा हाय." कोणी बसत नसे. टवाळ पोरंही तिच्या वाटेला जात नसत. हा वास रोह्याच्या बाजारापर्यंत तिची पाठराखण करी, आणि राणीला अत्तराचा नसेल इतका तिला त्याचा अभिमान होता.

नवरा जगन मिठागरावर कामाला. एका चैत्रात मिठागराच्या बांधावर, सगुणाच्या रोजच्या वाटेवरच, टिटवीने चार अंडी घातली. शेजारच्या ठमाबाईने अपशकुनी पाखरू म्हणून दगड उचलला, तर सगुणाने तिला तिथल्या तिथे झाडलं. स्वतःचं मूल नसलेल्या सगुणाने त्या दिवसापासून ते बाळंतपण अंगावर घेतलं. बाळंतिणीला खाण्यासाठी उठावं लागू नये म्हणून येता-जाता ती घरट्याशेजारी चिमूटभर सुका जवळा ठेवू लागली. टिटवी डोक्यावर घिरट्या घालत शिव्या देई. सगुणा म्हणे, "खा गो, लाजतंस काय?"

एका सकाळी तिथे जवळा नव्हता. अंडीही नव्हती. चिखलात कोल्ह्याची पावलं होती, थेट तिच्या पावलांवरून आलेली.

जगन मिठागरातून येऊन त्या पावलांशी उकिडवा बसला. मग हळूच म्हणाला, "अंड्यांवर बसली का ती आपल्या अंगचा वास आवरून धरते गो. कोल्हा हातभरावरनं जातो, त्याला पत्ता नाय. तिची सगली राखण त्यातच."

"आन् मी तिथं वास नेऊन ठेवला," सगुणा म्हणाली. त्या दिवशी ती बाजाराला गेली नाही.

पुढच्या चैत्रात टिटवी पुन्हा त्याच बांधावर बसली. सगुणाने वाट बदलली. डोक्यावर टोपली, वर ऊन, आणि खाडीच्या कडेने हा मोठा वळसा. एसटी चुके. ठमाबाई हसे, "राणीसाहेब हवा खायला निंगाल्या!" एरवी शब्दाला चार शब्द परत करणारी सगुणा गप्प राही.

मग एकदा जगन मिठागरातून हात हलवत ओरडला, "निंगाली गो पिल्लं! चारीच्या चारी! ये, लांबून बघ!"

सगुणा थबकली. "वारा कुनीकडनं हाय?"

"तुझ्याकडनं हिकडं."

ती टाचा उंचावून क्षणभर उभी राहिली. एवढ्या लांबून काहीच दिसेना. मग तिने टोपली सावरली आणि एसटीच्या रस्त्याला लागली.