शेपटीमामाची वायर

गल्लीच्या तोंडाशी केस कापायचं दुकान होतं, ते शेपटीमामाचं. लढाईत तो बॉम्ब टाकणाऱ्या विमानाच्या अगदी शेपटीत, काचेच्या डब्यात मागे तोंड करून बसायचा आणि पाठलाग करणाऱ्यांवर बंदूक चालवायचा. पुढे काय वाढून ठेवलंय ते त्याला कधी दिसलंच नाही. दिसलं ते सगळं होऊन गेलेलं. ती खोड हाडात मुरली. बसमध्येही तो उलटा बसे, आणि उतरायचं ठिकाण मागे गेलं की मगच त्याला ओळखू येई. हजामतीचा धंदा मात्र मानवला, कारण आरशात सगळं पाठीमागचंच दिसतं.

मामाला शौर्याचं पदक मिळालं होतं. विमान पेटलं, कप्तानाने सगळ्यांना उड्या मारायला सांगितलं, चौघे उडी मारून सुखरूप उतरले. मामा जागचा हलला नाही, आपली बंदूक चालवतच राहिला. मग कप्तानानेही उडी मारली नाही आणि जळकं विमान तसंच घरी आणलं. मामी ते पदक दर आठवड्याला राखेने घासायची, आणि गालाला फेस लावलेलं गिऱ्हाईक दिसलं की त्याला सगळी हकिकत ऐकवायची. फेस लावलेला माणूस पळणार कुठे?

खरी गोष्ट वेगळीच. परतीच्या वाटेवर कप्तानाला गाणं सुचायचं, आणि ते वायरीतून सगळ्यांच्या कानात शिरायचं. बंदुकीच्या गोळ्या परवडल्या, पण तो गळा नको, म्हणून मामा कानाची वायर उपटून ठेवायचा. उडी मारायचा हुकूम त्याला ऐकूच आला नव्हता. आग लागलीय हेही कळलं नाही, कारण आग पुढे होती.

चाळीस वर्षं हे त्याने पोटात ठेवलं, आणि एक दिवस कप्तानाचं पत्र आलं की रविवारी जेवायला येतो. मामाची अन्नावरची वासनाच उडाली. एका गिऱ्हाइकाची अर्धी मिशी गेली. पदक गेलं तर गेलं, पण मामीला तोंड कसं दाखवायचं?

कप्तान आला, पोटभर जेवला. मामीने पदक पुढ्यात ठेवलं तसा तो खुलला आणि तेच जुनं गाणं म्हणू लागला. मामाचा हात आपसूक कानाशी गेला, चिमटीत काहीतरी धरलं आणि खस्सकन ओढलं. चिमटीत काहीच नव्हतं. कप्तान गाता गाता थांबला.

"म्हणजे तू वायर काढायचास?"

मामा जमिनीकडे बघत म्हणाला, "फक्त गाण्यापुरती, साहेब."

मामीच्या हातातला डाव तसाच अधांतरी राहिला. कप्तानाने पदक बोटाने बाजूला सारलं.

"तुला काय वाटलं, मी तुझ्यासाठी थांबलो होतो?" तो म्हणाला. "अरे, माझं पॅराशूट खोलीवर राहिलं होतं. मान दुखायची म्हणून उशाला घेत होतो."

दोघे डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मामी हसली नाही. तिने पदक उचललं तेव्हा मामाला वाटलं, आता हे जातंय केराच्या टोपलीत. तिने ते पुसलं आणि परत खिळ्याला अडकवलं.

"उगाच इतकी वर्षं मला बेचव गोष्ट सांगायला लावलीत," एवढंच म्हणाली.

आता फेसवाल्यांना नवी हकिकत मिळते, जुनीच्या दुप्पट लांब. मामी त्यात कप्तानाचं गाणंही म्हणून दाखवते. तेवढ्यापुरता मामा वस्तरा खाली ठेवतो, कारण हात कानाकडे जातो.