तोंडाने ओढलेलं पाणी

माझ्या आत्याला कुणी विचारलं, "तुम्ही काय करता?" की उत्तर आतोबा देतात. "काही नाही, घरीच असते." हे वाक्य आठवलं की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

घरीच असते म्हणे! स्वयंपाकघरामागच्या खोलीत तिची छातीभर उंचीची पिंपं उभी असतात. कोबी, गाजर, मुळा चिरायचा, मिठात चोळायचा, पिंपात दाबून बसवायचा, वर धुतलेले दगड ठेवायचे. भाजी आंबली की बरण्या भरून दुकानांत पोचवायच्या. आतोबांची नोकरी सुटली तेव्हापासून घर या पिंपांवर चाललंय. पण हे गृहस्थ बरणीला साधं झाकण लावणार नाहीत, वासाने म्हणे त्यांचं डोकं दुखतं. जेवताना मात्र तीच भाजी मागून मागून खातात.

नवं पिंप भरलं की आत्या त्यात जुन्या पिंपातलं आंबट पाणी घालते, दुधाला विरजण लावावं तसं. जड पिंप एकटीला वाकवता येत नाही. म्हणून बुटक्या ओट्यावर ठेवलेल्या जुन्या पिंपात रबरी नळी सोडायची, दुसरं टोक तोंडात धरून ओढायचं आणि घोटभर पाणी आलं की नळी नव्या पिंपात टाकायची. "अगं, हातपंप मिळतो बाजारात!" मी हजारदा ओरडले असेन. "पंपाला चव कळते का?" हे तिचं ठरलेलं उत्तर.

मग तिची दाढ काढली. गाल सुजलेला, तोंडात कापसाचा बोळा, आणि दुसऱ्याच दिवशी बाई पिंपांपाशी हजर! मी गेले तेव्हा तिने बोळा काढला, नळी ओढली, पाणी थुंकलं आणि नवा बोळा दाबला. मी कपाळावर हात मारून घेतला.

पुढे काही आठवड्यांनी तिला ताप यायला लागला तो जाईचना. जिना चढताना धाप लागायची, अंथरूण घामाने भिजायचं. शेवटी दवाखान्यात भरती केलं. रक्तात एक जंतू सापडला, तेव्हा वॉर्डातले तरुण डॉक्टर हसून म्हणाले, "हा दह्यात, आंबवलेल्या पदार्थांत असतो. गरीब जंतू आहे. नमुना घेताना बाहेरून पडला असेल."

पुन्हा रक्त घेतलं, पुन्हा तोच जंतू. "पुन्हा बाहेरून पडला असेल." अहो, बाहेरून पडायला तो काय झाडाचं पान आहे? सलाइनमधून जालीम औषध चाललं होतं आणि ताप ढिम्म हलत नव्हता. आत्याला दोन शब्द बोलून दम लागत होता. माझी आत्या डोळ्यांदेखत चालली होती आणि सगळे हाताची घडी घालून उभे होते.

त्या आठवड्यात मोठ्या डॉक्टरीणबाई फेरीला आल्या. त्यांनी विचारलं, "या काम काय करतात?"

"काही नाही," आतोबा म्हणाले, "घरीच असते."

आत्या छताकडे बघत राहिली. माझा मात्र तोल सुटला. "घरीच असते? मग तुम्ही जेवता कुणाच्या जिवावर?" आणि मी भडाभडा सगळं सांगून टाकलं. पिंपं, खारं पाणी, नळी, दाढ, बोळा.

डॉक्टरीणबाई खुर्ची ओढून बसल्या. "तोंडाने ओढतात? दाढ काढल्यावरसुद्धा?" मग आत्याचा हात हातात घेऊन विचारलं, "लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का?" आत्याने होकारार्थी मान हलवली. बाईंनी तिची छाती तपासली आणि सगळा उलगडा केला. त्या तापाने तिच्या हृदयाची झडप तेव्हाच बिघडलेली, कुणाला पत्ता नव्हता. दाढेच्या जखमेतून जंतू रक्तात शिरला असावा आणि त्या झडपेवर ठाण मांडून बसला. धडधाकट माणसाला तो काही करत नाही. आणि जे जालीम औषध चाललं होतं, ते या जातीला मुळातच लागू पडत नाही!

"हे आधी विचारायला हवं होतं," डॉक्टरीणबाई तरुण डॉक्टरांकडे बघून म्हणाल्या.

"विचारलं होतं, मॅडम. पहिल्याच दिवशी." आणि त्यांनी आतोबांकडे पाहिलं. आतोबा चष्मा पुसायला लागले.

औषध बदललं, ताप उतरला, आत्या वाचली. पण झडप व्हायची तेवढी खराब झालीच. इतके दिवस फुकट गेले ते कोण भरून देणार? घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "यापुढे जड उचलायचं नाही. नळी तोंडाला लावायची नाही. काही महिने पूर्ण विश्रांती."

"त्याची काळजी नको," आतोबा खुशीत म्हणाले, "ती घरीच असते."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात आत्याने माझा हात दाबला. चपला घालता घालता ती म्हणाली, "बाई, मला तेवढी कामावरून सुट्टीची चिठ्ठी लिहून द्या."

"देते की. कुठे दाखवायची आहे?"

आत्याने आतोबांकडे बोट केलं. "यांना."