पहिल्या अंकाचा शेवट

रविवारी सकाळी शेजारची मुग्धा पेपरातलं नाटकांच्या जाहिरातींचं पान घेऊन आली. "काका, या महिन्यात कुठलं बघू? तुमची सगळी बघून झाली असतील."

झालीच आहेत. बायको गेली तरी मी नाटकाला जातो. आवडीने जातो असंही नाही. शनिवार आला की इस्त्रीचा शर्ट चढवतो आणि तिसऱ्या घंटेच्या आत खुर्चीत जाऊन बसतो. लोक हसले की हसायची जागा होती एवढं कळतं. एसीचा गारवा तेवढा अंगाला लागतो.

आमची एक पद्धत होती. मध्यंतर जवळ आलं की मी अंधारात हळूच उठायचो, बटाटेवड्याच्या रांगेत पुढे उभं राहता यावं म्हणून. त्यामुळे कुठल्याच नाटकाचा पहिला अंक मी शेवटपर्यंत पाहिलेला नाही. तो शेवट वडा खाताखाता सुनंदा सांगायची. "अहो, काय झालं माहितीय?" असं म्हणून हातवारे करत, कधीकधी नटीपेक्षा बरं. अर्धं नाटक आपण बघायचं आणि उरलेलं आपल्या माणसाच्या तोंडून ऐकायचं, अशीच सवय झाली.

कालही वेळ झाली तसा उठलो. दोन वडे घेऊन खांबापाशी उभा राहिलो. दारं उघडली, माणसं आत घडलेलं बोलत बाहेर आली. मी एक वडा खाल्ला, मग दुसराही. चव काही कळली नाही.

"कालचं कसं होतं?" मुग्धाने विचारलं.

"चांगलं आहे, बघून ये," मी म्हणालो. "आणि पहिला अंक कसा संपतो, तेवढं मला येऊन सांग."